मागच्या गल्लीला नाव नव्हती

नृसिंहवाडीला आमच्या आत्याच्या स्वयंपाकघरात, फडताळाच्या शेजारच्या भिंतीवर, गेरूने ओढलेल्या तीन रेघा आहेत. एक २००५ सालची, एक २०१९ ची आणि एक २०२१ ची. महापूर ओसरला, घरातला चिखल काढून झाला, भिंती धुऊन वाळल्या, की पाण्याच्या डागावर बोट ठेवून आत्या रेघ मारते आणि शेजारी साल लिहिते. किती फूट पाणी होते असे तिला विचारले, तर ती सांगत नाही. ती म्हणते, ‘‘एकोणीसला डाळीचे डबे भिजले. एकवीसला डाळ वाचली, पिठं गेली.’’

वाडी बहुतेक वाचकांनी पाहिलेली असेल. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, घाटाच्या रुंद पायऱ्या, आणि परतताना घ्यायचे पेढे, बासुंदी नि कवठाची बर्फी. पावसाळ्यात नदी चढत चढत मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसे येतात. पाहुण्यांची वाडी ही अशी. गावात राहणाऱ्यांना मात्र दक्षिणद्वार झाल्यावर दुसरेही एक गणित मांडावे लागते. पाणी आता थांबणार, की गल्लीत येणार?

गेल्या उन्हाळ्यात गावातल्या काही तरुण मुलांनी हे गणित फोनवर आणायचे ठरवले. कोणत्या घरात किती माणसे, किती जनावरे, आधी कुणाला हलवायचे, कुणाकडे वाहन आहे, हे सारे एका ठिकाणी असावे आणि वेळ आली की ज्याला त्याला निरोप जावा, एवढाच छोटासा प्रोग्रॅम. मुले हुशार. प्रोग्रॅम लिहायला त्यांना माझी गरज नव्हती. ‘‘काका, नेमकं काय काय पाहिजे तेवढं तुम्ही लिहून द्या,’’ असे ती म्हणाली. कारण तोच माझा धंदा आहे.

हा धंदा काय, हे आत्याला समजावून सांगताना माझी नेहमी फजिती होते. सत्तावीस वर्षे मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे.

‘‘प्रोग्रॅम तू लिहितोस?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मशीन दुरुस्त करतोस?’’

‘‘नाही गं. लोकांना काय हवंय ते विचारतो आणि नीट लिहून ठेवतो.’’

‘‘आणि एवढ्याला पगार देतात?’’

देतात, कारण काम वाटते तितके सोपे नाही. लग्नाच्या स्वयंपाकाला आचारी ठरवताना आपण पाहतो. साधा आचारी विचारतो, पाने किती आणि पक्वान्न कोणते. मुरलेला आचारी एक प्रश्न जास्त विचारतो, ‘‘व्याही कुठले?’’ कोकणातले म्हटल्यावर तो मुकाट्याने भाताचे तांदूळ वाढवतो आणि तिखटाचा हात आवरतो. यजमानाने हे सांगितलेले नसते, आणि सांगायला हवे असे त्याला वाटलेलेही नसते. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट म्हणतात. जे मागितले ते, आणि मागायचे सुचले नाही तेही, असे दोन्ही त्यात येते.

चुकलेल्या गरजांची गोष्ट

फ्रेड ब्रुक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८७ साली एका गाजलेल्या निबंधात लिहून ठेवले आहे, की सॉफ्टवेअर बनवण्यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे नेमके काय बनवायचे ते ठरवणे. तो चुकला तर नंतर दुरुस्त करणेही तितकेच अवघड. पाचच वर्षांनी लंडनने त्याचा अनुभव घेतला. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तिथल्या रुग्णवाहिका सेवेने कागदाच्या चिठ्ठ्या बंद करून गाड्या पाठवण्याचे काम संगणकावर सोपवले. कोणती गाडी कुठे आहे हे संगणकाला नेहमी अचूक कळत राहील, असे त्यात गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ते कळेना. एका हाकेला दोन गाड्या जाऊ लागल्या, काही हाकांना एकही जाईना. काही दिवसांत पुन्हा कागद आला. पुढे झालेल्या चौकशीत इतर अनेक दोषांबरोबर हेही निघाले, की गाडीवर काम करणाऱ्या माणसांना आराखडा ठरवताना पुरेसे विचारलेच नव्हते.

पण लंडनला कशाला जायचे? आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातले वारणानगर पाहा. १९९८ साली वारणा परिसरातल्या ७० गावांना संगणकाने जोडण्याचा मोठा प्रकल्प तिथे सुरू झाला. देशभर त्याचा गाजावाजा झाला. शेतकरी गावातल्या संगणकावर बाजारभाव पाहील, पिकांचा सल्ला घेईल, सरकारी दाखले मिळवील, असे चित्र होते. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिले, तर गावोगावचे संगणक मुख्यत्वे एकाच कामी येत होते. आपला ऊस किती भरला, खत किती उचलले, म्हणजे कारखान्याकडचा आपला हिशेब. बाकीच्या योजना मागे पडल्या होत्या. मग त्यांनी ७ गावांत ८ महिने एक प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवला आणि हाच हिशेब एसएमएसने मिळू लागला. तो स्वस्त पडला, सोयीचा ठरला आणि शेतकऱ्यांना जास्त आवडला. २००७ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याची खरी गरज एसएमएसमध्ये मावेल एवढी होती. पण ती कळायला मधली इतकी वर्षे जावी लागली.

आमच्या धंद्याचा एक दोष मी मोकळेपणाने कबूल करतो. आम्ही लोकांशी मराठीत, हिंदीत बोलतो आणि लिहितो इंग्रजीत. शंभर-दीडशे पानांचा तो दस्तऐवज ज्यांच्यासाठी असतो, त्यांच्यापुढे सहीला ठेवतो. गोदामातला कारकून, दवाखान्यातली परिचारिका, पतपेढीचा मॅनेजर, सगळे एकच प्रश्न विचारतात, ‘‘सही कुठं करू?’’ सत्तावीस वर्षांत एकानेही सहीआधी ती पाने वाचलेली मी पाहिली नाहीत.

नवा मदतनीस

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि आमच्या धंद्यात खळबळ उडाली. त्याआधीही यंत्राकडून रिक्वायरमेंट निवडून घेण्याचे प्रयत्न होत होते. पण ते कसे, तर विद्यार्थ्यांच्या १५ प्रकल्पांतून गोळा केलेली ६२५ इंग्रजी वाक्ये घ्यायची आणि त्यांवर यंत्राला शिकवायचे. प्रोग्रॅमने काय करायचे हे सांगणारी वाक्ये कोणती, आणि ते किती चटकन, किती सुरक्षितपणे करायचे हे सांगणारी कोणती, एवढी निवड यंत्र करू लागले तरी शोधनिबंध लिहिले जात. नवी भाषाप्रारूपे निराळीच निघाली. तासाभराची मुलाखत त्यांना द्यावी, ती मुद्दे काढतात, एकाच्या बोलण्याशी दुसऱ्याचे बोलणे कुठे जुळत नाही ते दाखवतात, राहिलेले प्रश्न सुचवतात. आणि जे माझ्या धंद्याला कधीच जमले नव्हते तेही करतात. सगळे मराठीत लिहून देतात.

हे यंत्र चालते कसे? कीर्तनात पेटीच्या साथीला बसलेला जुना माणूस आठवा. चाळीस वर्षे कीर्तने ऐकून ऐकून बुवांचा पुढचा स्वर कोणता येणार याचा त्याला अंदाज असतो आणि त्याचे बोट आधीच तिथे गेलेले असते. भाषाप्रारूपही तेच करते. अफाट मजकूर वाचून, आत्तापर्यंतच्या शब्दांपुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, ते ओळखत ओळखत वाक्य लिहिते. बहुतेक वेळा बोट बरोबर पडते. पण बुवा एखादे दिवशी मध्येच थांबले, तर पेटीवाला गप्प राहत नाही. तो आपल्या अंदाजाने पुढचे वाजवतो, आणि तेही सुरेल वाजवतो. या यंत्राचे भय आहे ते तिथे.

शिवाय त्याने वाचलेली मराठी कोणती, हाही प्रश्न आहेच. पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये यंत्रांना शिकवण्यासाठी मराठीचा एक मोठा संग्रह खुला केला, २ कोटी ४८ लाख वाक्यांचा. काम मोलाचे आहे. पण त्यातली बरीचशी वाक्ये बातम्यांतली आहेत. वर्तमानपत्राची मराठी आणि शिरोळ तालुक्यातल्या ओसरीवरची मराठी यांत किती अंतर आहे, ते मला वाडीत कळले.

सात तासांचे बोलणे, चौसष्ट कलमे

दोन रविवार मी वाडीत फिरलो. अकरा घरी बसलो. परवानगी घेऊन बोलणे रेकॉर्ड केले. सारे मिळून सात तास भरले. आजारपणे, वये, घरातली भांडणे, सगळे त्यात होते. ते परक्या यंत्राच्या हाती जाऊ नये म्हणून मी आधी माणसांची नावे काढली आणि अ, आ, इ अशी अक्षरे घातली. मग रात्री ते प्रारूपाला दिले. पुण्यात याच कामाला दोन माणसे आणि तीन आठवडे लागले असते. आत्याने दुधाला विरजण लावेपर्यंत चौसष्ट कलमे तयार झाली. नीटनेटकी, क्रमाने, शुद्ध मराठीत. खरे सांगतो, माझ्या नोकरीचे कसे होणार असा विचार त्या रात्री मनात येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून मी कलमे मोठ्याने वाचू लागलो. आत्या मटार सोलत होती. घाटावर नाव चालवणारे अण्णा पायरीवर टेकले होते.

तेरावे कलम होते, ‘मागील गल्लीस नावे नसल्याने प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गल्लीस नाव देण्याची सोय असावी.’

‘‘हे कोण म्हणालं?’’ अण्णांनी विचारले.

मी तपासले. कलमापुढे अण्णांचेच अक्षर होते. रेकॉर्डिंग पुन्हा लावले. अण्णांचा आवाज स्पष्ट होता, ‘‘एकोणीसला मागच्या गल्लीला नाव नव्हती.’’

अण्णा हसायचे थांबेनात. ‘‘दादा, गल्लीला नाव हाय की! नाव नव्हती म्हंजे पाण्यातली नाव. सकाळधरनं माणसं माळ्यावर बसून होती, नाव आली संध्याकाळी.’’

‘नाव नव्हती’ आणि ‘नावं नव्हती’. कानाला जवळजवळ सारखेच, व्याकरणाने दोन्ही शुद्ध. यंत्राने अनुस्वार घातला आणि दिवसभर माळ्यावर अडकलेली माणसे गल्लीच्या पाट्यांच्या कलमात जाऊन बसली. वाक्य वाचून कुणालाही शंका आली नसती. मला आली नव्हती.

पुढचे कलम आणखी साळसूद होते. ‘पाण्याची पातळी ३९ फुटांवर जाताच सर्व कुटुंबांना इशारा जावा आणि ४३ फुटांवर स्थलांतराची सूचना जावी.’ पावसाळ्यात मराठी बातम्या पाहणाऱ्या कुणालाही हे आकडे पाठ असतात. पंचगंगेची इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट. मात्र ती कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावरची. प्रत्येक मोजपट्टीचे शून्य वेगळे. सांगलीला आयर्विन पुलापाशी तेच आकडे ४० आणि ४५ होतात. वाडीची पातळी बोलली जाते ती साठीच्या घरात. शिवाय वाडीला एकट्या पंचगंगेचा हिशेब पुरत नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगा वाढते आणि कोयनेतून पाणी सोडले की कृष्णा. कृष्णा चढलेली असली म्हणजे पंचगंगेला वाट मिळत नाही आणि पाण्याला फुगवटा येतो. तेव्हा कोल्हापुरात उतार सुरू झाला तरी वाडीतले पाणी हलत नाही.

सात तासांच्या बोलण्यात ३९ हा आकडा कुणीही उच्चारलेला नव्हता. बुवा थांबले होते आणि पेटीवाल्याने आपल्या अंदाजाने वाजवले होते.

त्या दिवशी मी एक नियम केला. प्रत्येक कलमासमोर ते कोण म्हणाले आणि रेकॉर्डिंगच्या कोणत्या मिनिटाला, हे लिहिलेले असलेच पाहिजे. नसेल तर त्यावर ‘यंत्राची भर’ असा शिक्का. हा नियम आमच्या धंद्यात जुनाच आहे, पण तो पाळायचा कंटाळा सगळे करतात. यंत्राला सांगितल्यावर त्याने न कंटाळता रकाना भरून दिला. चौसष्टांपैकी सतरा कलमांना मालक नव्हता. ती आम्ही ओसरीवर एकेक करून विचारली. नऊ लोकांना पटली, उलट ‘हे बरं सुचलं’ असेही कुणी म्हणाले. फोनची बॅटरी संपली तर यादी कागदावरही छापलेली असावी, हे त्यातलेच. आठ आम्ही खोडली.

उत्सवमूर्ती हलली की

मग आत्याने आपले वाक्य शोधायला लावले. मुलाखतीत ती म्हणाली होती, ‘‘दक्षिणद्वार झालं की मी कान टवकारते, आणि उत्सवमूर्ती वर हलली की फडताळ रिकामं करते.’’ पाणी मंदिरात वाढू लागले म्हणजे उत्सवमूर्ती वरच्या बाजूला नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. यंत्राने तिचे वाक्य ‘भाविकांसाठी सोयी’ या भागात घातले होते. दक्षिणद्वाराच्या वेळी स्नानाची माहिती द्यावी, दर्शनाची जागा बदलल्यास कळवावे, वाहनतळ दाखवावा! देव, मूर्ती, द्वार हे शब्द दिसल्यावर त्याने वाचलेल्या हजारो बातम्यांप्रमाणे त्याला यात्रेकरू दिसले. आत्याच्या डाळीचे डबे दिसले नाहीत.

अण्णांनीही मान डोलावली. सरकारी आकडा फोनवर येईलही, पण रात्री तीन वाजता मूर्ती हलली हे वाडीत झोपलेल्या माणसालाही कळते. तेव्हा यादीतला पहिला निरोप कोणत्या फुटाला जावा, याऐवजी तो मूर्ती हलवण्याच्या वेळी जावा असे ठरले. वाडीच्या मोजपट्टीचा आकडा जोडीला राहिला.

पण खरी चूक एकेचाळिसाव्या कलमात होती आणि तिथे यंत्राने काहीच चूक केली नव्हती. त्यात लिहिले होते, ‘ऊ : विशेष गरज नाही.’ रेकॉर्डिंगमध्येही तेच होते. खालच्या अंगाला राहणाऱ्या एक वहिनी मला म्हणाल्या होत्या, ‘‘आमचं काय भाऊजी, सगळ्यांचं होईल ते आमचं. आम्हाला वेगळं काही नको.’’ मी पुढच्या घरी गेलो होतो.

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. ‘‘अरे, तिची सासू खाटेवर आहे दोन वर्षं. तुला सांगितलं नाही तिनं?’’

नव्हते सांगितले. का, ते आत्याला माहीत होते. २०२१ ला त्या म्हाताऱ्या बाईंना चार पोरांनी चादरीच्या झोळीत घालून बाहेर काढले. जीव वाचला. पण भर गल्लीतून, सगळ्यांच्या देखत, अंगावरचे लुगडे भिजलेले. त्या दिवसापासून बाईंनी धरून ठेवले आहे, की पुन्हा पाणी आले तर मी घरातच राहीन, मला कुणी उचलायचे नाही. सून बिचारी हे परक्या माणसाच्या रेकॉर्डिंगसमोर कशी बोलणार?

मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. या वेळी आत्याला बरोबर नेले आणि फोन खिशात ठेवला. तासभर आत्याच बोलत होती. निघताना त्या म्हाताऱ्या बाई मला म्हणाल्या, ‘‘खुर्चीत बसवून नेलं तर येईन. झोळीत नाही.’’

ओसरीवर येऊन मी अण्णांना विचारले, नावेत खुर्ची बसते का. ‘‘बसती की,’’ अण्णा म्हणाले, ‘‘पण मग चार माणसं कमी घ्यायला लागतील.’’ यावर कुणी काही बोलले नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढणारी नाव उलटली आणि कितीतरी जीव गेले, हे आमच्या भागात कुणाला आठवून द्यावे लागत नाही. नावेत किती माणसे बसवायची हा प्रश्न इथे कागदावरचा नाही.

उत्तर अण्णांनीच काढले. ‘‘म्हातारीला नावंची वेळच येऊ द्यायची न्हाई. मूर्ती हालली की रस्ता अजून कोरडा असतोय. तवाच खुर्ची टेम्पोत घाला.’’ गावातली खाटेवरची, अगदी म्हातारी, दिवस भरत आलेल्या लेकीसुना, अशा सगळ्यांची एक पहिली यादी त्यातून निघाली. पाणी गल्लीत येण्याआधी, कोरड्या रस्त्याने, खुर्चीवरून जाणाऱ्यांची. मुलांनी बेतलेल्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या घरांना एकाच वेळी निरोप जाणार होता. ती मांडणीच बदलली.

खोटी आत्या

पुण्याला परतल्यावर मी एक खोडी काढली. आमच्या धंद्यात हल्ली एक नवी टूम आहे. लोकांकडे जायचा वेळ आणि खर्च वाचवायचा, आणि भाषाप्रारूपालाच ‘तू अमुक वयाचा ग्राहक आहेस असे समज’ म्हणून त्याची मुलाखत घ्यायची. मी त्याला म्हटले, तू नृसिंहवाडीत राहणारी सत्तरीची स्त्री आहेस. पुराच्या वेळी तुला काय लागते ते सांग.

उत्तर छान आले. औषधे, पिण्याचे पाणी, रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, मुलांचे फोन नंबर. दत्तगुरूंची कृपाही त्यात होती. एकही गोष्ट चूक म्हणता येईना. पण त्या बाईच्या स्वयंपाकघरात गेरूची रेघ नव्हती, आणि शेजारची म्हातारी झोळीत जायला लाजते हे तिला ठाऊक नव्हते. तिने पूर वाचला होता, पाहिला नव्हता.

म्हणून यंत्र नको, असे मी म्हणणार नाही. ते नसते तर ही गोष्ट घडलीच नसती. पूर्वी कुणी हरकत घेतली, की आमच्या कपाळाला आठ्या पडत. एक कलम बदलायचे तर पुढची तीस कलमे तपासा, आकृत्या पुन्हा काढा, इंग्रजी पुन्हा लिहा. म्हणून आम्ही हरकती येऊच नयेत अशा बेताने प्रश्न विचारायचो. ओसरीवर मात्र अण्णांनी एक शब्द हलवला, की यंत्र अर्ध्या मिनिटात सगळा कागद फिरवून देत होते, आणि तोही त्यांना समजेल अशा मराठीत. बदल इतका स्वस्त झाला म्हणून मला लोकांचे ऐकून घेणे परवडले. वाचलेला वेळ मी दुसऱ्यांदा त्या वहिनींच्या घरी जाण्यात घातला. तोच वेळ वाचवून पहिल्यांदाही न जाण्याचा मार्ग आता मोकळा आहे, आणि पुण्या-बंगळूरच्या थंडगार खोल्यांत तो किती मोहाचा वाटतो, हे मी जाणतो.

कागद पक्का झाला तेव्हा मी पुन्हा वाडीला गेलो. अकरा घरांतून सह्या घ्यायच्या होत्या. पहिली आत्याची. मी सवयीने शेवटचे पान उघडून पेन पुढे केले.

‘‘थांब,’’ ती म्हणाली, ‘‘आधी माझा चष्मा दे.’’

पाऊण तास ती वाचत होती. मी समोर बसून राहिलो. शेवटी तिने चष्मा काढला.

‘‘यात फूट लिहिलेत नुसते. वाडीची पट्टी इतकी झाली म्हणजे माझ्या घरात पाणी कुठवर, ते मला कसं कळायचं? प्रत्येकाच्या घरात कुठली ना कुठली खूण आहे. मला फडताळ, हिला देव्हारा, अण्णाला कोनाडा. ते विचारलंस का कुणाला?’’

विचारले नव्हते. यंत्रालाही सुचले नव्हते. मी पेन परत घेतले आणि खाली नवे कलम लिहिले. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन, एकेका घरातल्या खुणा मोजायला निघालो.